उन्हाळ्यातलं उघड्यावरचं गाणं, स्पीकरशिवाय : तुमचे अनुभव लिहा

चैत्र सरत आला की गोव्यात दोन गोष्टी एकदम सुरू होतात, मानकुराद आंब्याच्या भावावरून घासाघीस आणि उघड्यावरचे कार्यक्रम. जूनचा पाऊस दाराशी यायच्या आत सगळ्यांना सगळं उरकायचं असतं. लग्नं, मुंजी, जत्रा, फेस्त (चर्चचा सण), आणि त्यातच गाणं. या धाग्यावर एकाच जातीचे अनुभव हवेत : उन्हाळा, वर उघडं आकाश आणि स्पीकरविना कानावर पडलेलं गाणं. ख्याल, भजन, मांडो (कोकणी प्रेमगीत), गिटार, काहीही चालेल. फसलेला अनुभव तर जरूर लिहा.

सुरुवात मीच करतो. गेल्या मे महिन्यात पर्वरीच्या बाजूला एका माळावर दोन संध्याकाळींचा तिकिटाचा कार्यक्रम होता. ज्याच्यासाठी गेलो त्या गायकाला सहा-सात वर्षं ऐकतोय, पण सगळं फोनवर. एक गिटार, एक व्हायोलिन आणि त्याचा आवाज, एवढाच त्याचा संसार. आयोजकांचं साउंड चेक संपता संपेना, गडी मंचावर आला तेव्हा पावणेनऊ वाजून गेलेले. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून देशभर आहे. सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण आमचा दिवस काही त्यात नव्हता. दहाला दोन मिनिटं असताना एक हवालदार आले, अगदी नम्रपणे घड्याळ दाखवलं आणि मधल्या कडव्यात आवाज गेला.

लोक उठले. मागचे बहुतेक गाडी काढायला पळाले, कारण त्या माळावरून बाहेर पडायला रस्ता एकच. गायक मात्र मंचावरून खाली उतरला, सोड्याचा रिकामा क्रेट उपडा घातला आणि त्यावर उभा राहिला. त्यानं गिटारची कॅपो, म्हणजे तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा, दोन पट्ट्या वर सरकवली. का, ते मला नंतर कळलं : खालच्या पट्टीत आवाज पोचत नाही, वर चढवला की थोडा लांब जातो. आम्ही चाळीसेक जण खुर्च्या सोडून गवतात बसलो. तार बदलताना बोट घासल्याचा चिर्र आवाज, ओळ सुरू करायच्या आधीचा श्वास, आणि चपलेनं धरलेला ठेका. क्रेट पोकळ, त्यामुळे तो ठेका ढोलकीसारखा वाजत होता. खरं सांगायचं तर वरच्या पट्टीत तो दोनदा बेसूर झाला. फोनवर सहा वर्षांत एकदाही झाला नव्हता.

बायको गाडीत बसून फोन करत होती. सतरा मिस्ड कॉल.

वाड्याहून, सांगे तालुका

आमचं मूळ गाव कुर्डी. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं ते. आजी-आजोबांना वाडे इथं जमीन मिळाली, माझा जन्म इथलाच. पण दर वर्षी एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरतं आणि गाव वर येतं. मग सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो आणि जिकडंतिकडं पांगलेले सगळे कुर्डीकर जमतात. क्रिस्तांव (ख्रिश्चन) शेजारी त्यांच्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, फेस्त करतात.

हे गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, 1904 चा जन्म त्यांचा. किशोरीताई आमोणकरांच्या आई म्हणून आता ओळख करून द्यावी लागते, आमच्या घरात उलटं होतं : किशोरी म्हणजे मोगूबाईंची मुलगी. आजी "आमची मोगू" म्हणायची, जणू शेजारणीकडं ताक मागायला गेलेली.

तीन वर्षांमागं उत्सवाच्या दिवशी आमच्यातल्याच एका मुलीनं तिथं गायचं ठरवलं. शिकते ती, अजून कुठं नाव नाही. माईक नाही, वीज तर नाहीच, एकानं जनरेटर आणायची तयारी दाखवली तर वडीलधाऱ्यांनी हात जोडले. ताडपत्री, तिच्यावर चटई, एक तानपुरा, बस्स. वेळ सकाळी अकराची, कारण देवाचं सगळं उरकूनच गाणं. भेगाळलेली माती, त्यात शिंपले, आणि मेलेल्या माडांची खोडं अजून रांगेत उभी, म्हणजे कुणाची बाग कुठं संपत होती ते कळतं. सावली नावालाही नाही. तिच्या डोक्यावर तिचा मामा छत्री धरून उभा.

तिनं विलंबित सुरू केलं आणि मी पंधरा पावलांवर असून मला काही ऐकू येईना. वारा आला की स्वर जायचा, वारा थांबला की परत यायचा. मग आम्ही सगळे सरकत सरकत तिच्याभोवती गोल करून बसलो, गुडघ्याला गुडघा. तानपुऱ्याची तार उन्हानं दर पाच मिनिटांनी उतरायची, ती गाता गाताच खुंटी पिळायची. आजी तेव्हा होती. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून तिनं एक हात तानपुऱ्याच्या भोपळ्यावर ठेवला होता, गाणं संपेपर्यंत काढला नाही.

जेवणानंतर आजीनं आमच्या घराचा चौथरा दाखवला. चिरे तेवढे राहिलेत.

राय, सासष्टी

आम्ही वाड्यावरचं एकुलतं एक हिंदू घर, पण मे महिन्यात लादाईनीला आम्ही नाही असं कधी झालं नाही. माहीत नसलेल्यांसाठी : मे महिन्यात रस्त्याकडेच्या खुरसापाशी (क्रूसापाशी) वाड्यावरचे लोक जमून प्रार्थना गातात, तिला लादाईन म्हणायचं. खुरसाला चुना, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या. बहुतेक लॅटिनमध्ये. आज वाड्यावर लॅटिन कुणालाच येत नाही, पण पाठ सगळ्यांना. एक व्हायोलिन, दोन-तीन पट्ट्यांत गाणारे पुरुष, बायकांचा वरचा सूर. उत्तराला सगळा वाडा "ओरा प्रो नोबिस" (आमच्यासाठी प्रार्थना कर) म्हणतो, आमचे बाबासुद्धा म्हणायचे, शेंडीवर हात फिरवत.

आमच्याकडचे व्हायोलिनवाले आजोबा ऐंशीच्या घरातले. हनुवटीखाली नाही, छातीवर टेकवून वाजवायचे. एका वर्षी मेणबत्त्यांची धग लागून त्यांची वरची तार तुटली. ते थांबले नाहीत, उरलेल्या तीन तारांवर वरचे सूर खाली घेत गेले. गाणारे मात्र वरच राहिले. मधेच एक मोकळी जागा पडली, तिच्यात रातकिडे ऐकू येत होते.

नंतर उकडलेले चणे, खोबऱ्याच्या कातळ्या, मोठ्यांना फेणी. मुलांना फेणीचा फक्त वास.

फोंडा, घुमटवाला

वरचं वाचून राहवत नाही म्हणून लिहितो. तुम्ही सगळे माईक नसण्याचं कौतुक करताय, आमच्या वाद्याला माईकची गरजच नाही. उलट माईक लावला की घुमट बिघडतो, नुसता धप्प धप्प ऐकू येतो. घुमट म्हणजे मडकं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर चामडं, बारकं तोंड उघडं. उजवी बोटं चामड्यावर चालतात, डावा तळवा बारक्या तोंडावर उघडझाप करतो. तो "घुं" जो येतो, तो सगळा त्या तळव्याचा. माईक चामड्यासमोर धरतात, तळवा बिचारा मागं राहतो. साउंडवाल्यांना दहादा सांगून झालं.

पूर्वी चामडं घोरपडीचं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आलं, आता बकरीचं चढवतात. 2019 मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं तेही त्यानंतरच. फरक आहे का? आहे. बकरीचं चामडं दमट हवेत लवकर ढिलं पडतं असं माझं मत, आणि आमच्या मे महिन्यात हवा म्हणजे ओलं फडकं. गेल्या वर्षी देवळाच्या वसंतपूजेला रात्री साडेआठला आरती, आणि साडेसातला चारही घुमट मुके. मग काय, आचाऱ्याच्या चुलीपाशी ओळीनं मांडून शेकले. पन्हं करणाऱ्या बायकांनी शिव्या घातल्या. शामेळ हा साथीचा ढोल, तो वाजवणारा म्हणाला, माझाही ठेवा रे जरा. त्या दिवशीची सुवारी (घुमटांचं एकत्र वादन) जशी वाजली तशी परत वाजली नाही. जास्त शेकलेला एक घुमट दुसऱ्या दिवशी फाटला, तो माझाच.

म्हापसा

मला काहीच ऐकू आलं नाही. अनप्लग्ड संध्याकाळ म्हणून पाचशे रुपये दिले, शेजारी बसलेल्या मंडळींनी पूर्ण वेळ फ्लॅटच्या दरांची चर्चा केली. फ्लॅटचे दर नीट ऐकू आले.

पणजी, धंदा साउंडचा

घुमटवाले काका, तळव्याचं एकदम मान्य. मी दुसरा माईक खालून लावतो, कधी बोलवा.

पण दोन गोष्टी. एक, हल्ली पोस्टरवर अकॉस्टिक लिहिलं म्हणजे माईक नाही असा अर्थ धरू नका. गिटारच्या पोटात पिकअप (तारांचा आवाज स्पीकरकडे नेणारा तुकडा) असतो, गळ्यासमोर माईक असतो, फक्त ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार नसते. लोक मला येऊन विचारतात, अकॉस्टिक आहे ना, मग स्पीकर कशाला? चारशे लोक, मोकळं मैदान, स्पीकर नको तर काय करू? मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. खोलीत भिंती थोडा परत देतात, मैदान काही देत नाही.

दोन, कुर्डीच्या ताईंसाठी. तुमची मुलगी कमी पडली नाही, वेळ चुकली. भर उन्हात जमीन तापते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची थंड, तेव्हा आवाज वर वाकून निघून जातो. सूर्य बुडाल्यावर जमीन निवते, मग खालची हवा थंड आणि वरची गरम. आवाज खाली वाकतो, लांबवर जातो. पाण्यावर तर फारच. दिवाडी बेटाच्या धक्क्यावर रात्री फेरीची वाट बघत असताना मांडवी नदीच्या पलीकडून कुणाचं तरी गाणं मी शब्दासकट ऐकलंय. कोण गात होतं ते दिसत नव्हतं. फेरी आली, तिच्या इंजिनानं ते बुजवलं, आणि पलीकडं पोचलो तर धक्क्यावर फक्त एक कुत्रा.

पहिल्या अनुभवाबद्दल : दहा वाजता बंद पडलेला कार्यक्रम कदाचित मीच केलेला असेल. उशिराचं कारण मी नव्हतो एवढंच सांगतो.

डिचोली, वय 71

आमच्या वाड्यावर वीज आली तेव्हा मी चौथीत होतो. त्याआधी देवळातलं वसंतपूजेचं कीर्तन पेट्रोमॅक्सवर चालायचं. पेट्रोमॅक्सचा एक सततचा सूंऽऽ असा सूर असतो, तुम्हा मुलांना कल्पना नाही. आमचे पेटीवाले त्या सुराला षड्ज धरायचे अशी थट्टा चालायची. बुवा मात्र त्याच्या वरून गायचे. सभामंडपाच्या पायऱ्यांवर उभे राहून, सगळं पटांगण भरलेलं, शेवटी बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत आख्यानातला शब्द न शब्द. ओरडत नसत. शब्द सोडताना तोंड पूर्ण उघडायचं, एवढंच.

लाउडस्पीकर आला त्या वर्षी बुवा माईकपुढं उभे राहिले आणि सवयीनं त्याच ताकदीनं गायले. कर्णा किंचाळला, मुलं हसली, देवळातली वटवाघळं उडाली. बुवा पुढच्या वर्षीपासून माईकपासून चार हात लांब उभे राहायचे. अध्यक्ष त्यांना हाताला धरून पुढं आणायचे, ते पाठ वळताच परत मागं. मला आजच्या मुलांचा राग नाही, नातू गिटार वाजवतो, चांगली वाजवतो. पण खोलीतसुद्धा त्याला डबा लागतो आवाजाचा. मी म्हटलं, अरे मी दोन हातांवर बसलोय.

पुन्हा वाड्याहून

साउंडवाले दादा, तुमचं वाचून घरी दाखवलं. मामा म्हणतो, मग छत्री धरून माझा हात उगाच मोडला. यंदा संध्याकाळी साडेसहाला गायचं ठरतंय, वडीलधाऱ्यांचं मन वळवणं चालू आहे. अंधारात परतताना रस्ता वाईट आहे आणि पाणी कुठल्या बाजूला किती ओसरलंय त्यावर वाट ठरते, म्हणून सांग्याहून सगळ्यांनी एकत्र निघायचं. आमच्या गाडीत दोन जागा आहेत. चटई, पाणी आणि टॉर्च आपापली. घुमटवाले काका, चूल आहे तिथं.