सातवीचा गृहपाठ आईच्या मोबाइलवर कशाला?

खडूची_धूळ (धागालेखिका)

यंदा जूनमध्ये शाळा उघडली तसं मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोजचा गृहपाठ टाकणं बंद केलं. मी सातवीला गणित आणि विज्ञान शिकवते, वर्गशिक्षिकाही मीच. शाळा अनुदानित, सेमी इंग्रजी, पुण्याच्या उपनगरातली. ग्रुप चालू आहे. सुट्ट्या, सहल, पालकसभा, 'अपार' या विद्यार्थी ओळख क्रमांकाची संमतिपत्रं, सगळं तिथे येतंच. फक्त 'आज काय शिकवलं आणि उद्या काय करून आणायचं' हे येत नाही. ते फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखून लिहिलेलं असतं आणि पोरांनी दैनंदिनीत उतरवून न्यायचं असतं.

त्यावरून परवाच्या पालकसभेत खडाजंगी झाली. म्हणून इथे विचारते आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. बारा वर्षांच्या मुलाला आपल्याला काय काम दिलंय ते लक्षात ठेवता आलं पाहिजे, निदान लिहून तरी आणता आलं पाहिजे. ग्रुपमुळे होतं काय? मी फळ्यावर सरळव्याजाची उदाहरणं लिहून 'उतरवून घ्या' म्हणते, मागच्या बाकावरून उत्तर येतं, "मॅडम, ग्रुपवर येईल ना!" संध्याकाळी ग्रुपवर टाकलं की खाली 'ओके मॅम', 'थँक्यू मॅम'ची रांग. मग रात्री पावणेदहाला प्रश्न, 'मॅम, आकृती पेन्सिलने की पेनने?' हे मी वर्गात दोनदा सांगितलेलं असतं. विचारणारी आई वर्गात नव्हती. तिला उत्तर देते दुसरी आई, तीही वर्गात नव्हती. जो वर्गात होता तो टीव्हीसमोर बसलेला. शिवाय तो मजकूर तसाच क्लासच्या सरांकडे पुढे जातो आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाच्या वह्यांत तेच उदाहरण, त्याच पद्धतीने, त्याच चुकीसकट सोडवलेलं सापडतं.

आणखी एक. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास गृहपाठ असावा असं म्हटलंय. पण तो तास मोजणार कोण? मराठीच्या बाई अर्ध्या तासाचं देतात, इंग्रजीचे सर अर्ध्या तासाचं, मी अर्ध्या तासाचं, आणि प्रत्येकाला वाटतं आपण थोडंच दिलं. फळ्याच्या एकाच चौकटीत सगळ्यांनी लिहायचं ठरवल्यापासून पाचव्या तासाला येणाऱ्याला वर काय काय आहे ते दिसतं. इतिहासाच्या सरांनी परवा खडू उचलला, चौकट वाचली आणि 'राहू दे, उद्या बघू' म्हणून खाली ठेवला. ग्रुपवर हे कधी झालं नव्हतं.

आता बोला.

सव्वासहाची_बदलापूर

पूर्ण असहमत.

मॅडम, मी फोर्टला नोकरी करते. घरी पोचायला आठ होतात, गाड्यांचा घोळ असला की पावणेनऊ. गाडीतल्या त्या वेळात मी ग्रुप बघून ठेवायचे. कार्डशीट हवीय का, आलेख कागद हवाय का, उतरल्या उतरल्या स्टेशनबाहेरच्या दुकानातून घ्यायचे. दैनंदिनी बघायची तर आधी घरी पोचायला हवं, तोवर दुकानाचं शटर खाली. मुलगा दैनंदिनी लिहितो हो, पण आलेख कागद आणायला रस्ता ओलांडून त्याने एकट्याने जायचं का?

आणि तुमच्या लिखाणात प्रत्येक वेळी आईच का विचारते? ग्रुपवर बाबांचे नंबरही असतात. ते मेसेज उघडत नाहीत, यात आमची काय चूक?

खडूची_धूळ

ताई, सामान लागणार असेल तर ते मी आजही ग्रुपवर टाकते, तेही तीन दिवस आधी. आलेख कागद आदल्या रात्री सांगणं हा आमचा दोष, तो आम्हीच सुधारायचा. बाबांबद्दल शंभर टक्के मान्य. सभेलाही मोजके चार-पाचच होते.

बीएलओ_मास्तर

मीही शिक्षक, आणि मी ग्रुपवर टाकतो. टाकतच राहणार.

बाई, तुम्ही शिक्षणशास्त्र सांगताय, मी व्यवहार सांगतो. उद्या पालक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये येऊन बसला, की 'आम्हाला कळवलंच नाही, मुलाचे गुण कसे कापले?', तर माझ्याकडे दाखवायला काय आहे? फळा दुसऱ्या दिवशी पुसलेला असतो. ग्रुपवर तारीख-वेळेसकट नोंद राहते. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिलाय. माझ्या वर्गात त्याहून बरीच जास्त आहेत. वर मतदार यादीचं काम. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये अशैक्षणिक कामं नकोत म्हणतात आणि त्याच वाक्यात जनगणना, आपत्ती आणि निवडणुका वगळतात. म्हणजे आम्ही सुटत नाही ते नाहीच. अशात प्रत्येकाची दैनंदिनी कधी तपासू? फळ्याचा फोटो काढला, टाकला, विषय संपला.

खडूची_धूळ

सर, नोंदच हवी असेल तर दैनंदिनीच्या पानावर पालकांची सही घ्या, तीही नोंदच. फोटो टाकून विषय संपतो तो आपला. पोराचा तिथून सुरू व्हायला हवा ना?

बीएलओ_मास्तर

सही? निम्म्या सह्या पोरंच करतात. माझ्या वर्गात एकाच्या वडिलांची सही दर आठवड्याला वेगळी.

आम्ही_एसेस्सी_एकाहत्तर

आमच्या वेळी मास्तर एकदा सांगत. विसरलं की छडी. ना डायरी ना ग्रुप. काही बिघडलं नाही आमचं.

सव्वासहाची_बदलापूर

काका, ज्यांचं बिघडलं ते शाळा सोडून गेले. ते इथे लिहायला नाहीत.

नववी_ब

आयडी आईचा आहे, टाइप मी करतोय. आईला माहीत आहे.

मला मॅडमचं पटतं, पण कारण वेगळं आहे. आधी मी शाळेतून घरी आलो की मला कळायचं आज काय करायचंय आणि मग मी ठरवायचो आधी खेळायचं की आधी लिहायचं. आता आईला माझ्या आधी कळतं. मी बूट काढतो तोवर फोन, "विज्ञानाचे स्वाध्याय झाले का?" अहो, मी अजून पाणीपण प्यायलो नाहीये. आणि सरांनी तोंडी सांगितलेलं असतं की तिसरा प्रश्न सोडून द्या, पुढच्या आठवड्यात करू. ते ग्रुपवर येत नाही. मग मी खोटं बोलतोय असं घरी वाटतं.

बालाघाट

शहरातला वाद वाचून मजा येतेय. आमच्याकडे बीड जिल्ह्यात दिवाळी झाली की गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. लेकरं काही मायबापासोबत फडावर, काही आजीजवळ, काही हंगामी वसतिगृहात. फोन बापाच्या खिशात, बाप कारखान्याच्या पट्ट्यात. ग्रुपवर गृहपाठ टाकला तर तो कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्यातरी कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाचला जाणार, लेकरू इथं आजीपाशी.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२१ साली ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. मात्र फोन असलेल्या घरांतल्याही साधारण चारातल्या एका लेकराला तो अभ्यासाला मिळत नव्हता. हे करोनातलं, म्हणजे शाळाच फोनवर होती तेव्हाचं. आम्ही तेव्हा देवळाच्या पारावर, झाडाखाली गट करून शिकवलं. काही लेकरांची तेव्हा तुटलेली सवय अजून जुळली नाही.

माझ्या वर्गात आता भिंतीला एक वही टांगलेली आहे. रोज एक पोरगं त्यात लिहितं: कोणत्या विषयाला काय झालं, काय करून आणायचं, शेवटी स्वतःचं नाव. जे लेकरू आठ दिवसांनी परत येतं ते वही उघडतं आणि आपलं काय राहिलं ते बघतं. अक्षर भयंकर असतं. एकदा 'परिसर अभ्यास' चार दिवसांत चार प्रकारे लिहिलेला सापडला. पण वाचता येतं. बाईंचा फळा ठीक आहे, पण फळ्यावरून कालचं कळत नाही. गैरहजर लेकराचं काय करता तेवढं सांगा.

खडूची_धूळ

सर, ही वही मी उचलणार. आमच्याकडे गैरहजर मुलासाठी एक जोडीदार ठरवलेला असतो, तो सांगतो. पण जोडीदारच गैरहजर असला की पंचाईत होते. कालपासून दोघांनाही ताप आहे.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीत सहावीपासून मिडल स्कूल. मुलीचं सगळं काम गुगल क्लासरूमवर. शिक्षिका तिथे टाकतात, ती तिथेच जमा करते, मुदत टळली की लाल अक्षरात 'मिसिंग'. पालकांना हवी तर रोज किंवा आठवड्याला एक गोषवाऱ्याची ईमेल. मी आठवड्याची घेतली आहे. काम तिच्या नावावर येतं, मला फक्त कळवलं जातं. तुमच्या ग्रुपमध्ये हे उलटं झालंय, काम पालकांच्याच नंबरवर येतं.

पण शाळेनेच प्रत्येकीला क्रोमबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, दिलंय, हे न सांगता मी हा सल्ला दिला तर ती शुद्ध बढाई होईल. आणि तोटेही आहेत. गुण टाकले की लगेच दिसतात, त्यामुळे लेक जेवताना मध्येच उठून बघून येते. भारतात असताना आमचा निकाल सहामाहीला लागायचा, तेवढे महिने तरी सुखात जायचे.

नियमवाचक

ग्रुपबद्दल कोणी बोलत नाही ते मी बोलतो. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. माझ्या बहिणीला तिच्या मुलाच्या वर्गाच्या ग्रुपवरून नंबर घेऊन एका शिकवणीवाल्याने महिनाभर छळलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. किती शाळांनी ग्रुप काढताना कोणाला विचारलं? ग्रुप ठेवायचाच तर फक्त ॲडमिन लिहील अशी सोय २०१८ पासून आहे, ती तरी लावा. 'ओके मॅम'ची रांग तिथेच थांबेल.

सावकाश

पहिल्यापासून वाचत होते. लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

माझा मुलगा सातवीत आहे. त्याला अध्ययन अक्षमता आहे, रीतसर प्रमाणपत्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे, म्हणजे ही कोणाची मेहेरबानी नाही. बुद्धी चांगली आहे, तोंडी विचारा, सरळव्याज काढून देईल. पण फळ्यावर बघायचं, मान खाली घालायची, ते अक्षर वहीत उमटवायचं, पुन्हा वर बघून ओळ शोधायची, यात त्याचा जीव जातो. त्याच्या दैनंदिनीतली परवाची ओळ जशीच्या तशी देते: 'वि स्वा ३ प्र'. इथे संपली. पुढचा आकडा लिहीपर्यंत घंटा झाली आणि कोणीतरी फळा पुसला. त्या 'प्र'च्या पुढे काय होतं ते शोधायला मी रात्री तीन घरी फोन केले. एकीने सांगितलं, "त्याला स्वतः लिहू दे की, अशानेच सवय लागते."

बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण तुमच्या शिस्तीचा भुर्दंड आधीच मागे पडलेलं पोर भरतंय. ज्याला पटपट लिहिता येतं त्याला तुमच्या चौकटीने काही शिकवलेलं नाही, त्याला ते आधीच येत होतं.

खडूची_धूळ

ताई, अशा मुलाला मी वेगळा फोटो पाठवते. माझ्या वर्गातही एक मुलगी आहे. तिच्या आईच्या फोनवर रोज जातो. नियम सगळ्यांना सारखाच, असं माझं म्हणणं कधीच नव्हतं.

सावकाश

आणि वर्गाला ते कळतं का?

खडूची_धूळ

कळतं. लपून राहत नाही.

सावकाश

मग तेच तर म्हणतेय. 'तिला फोटो मिळतो, आम्हाला का नाही' हे कोणीतरी मधल्या सुट्टीत म्हणणारच. माझ्याकडच्याला म्हणालेत. सगळ्यांनाच मिळाला तर हा वेगळा पडत नाही, एवढाच माझा मुद्दा. तुम्ही ज्याला आळस म्हणताय तो ग्रुप आमच्यासाठी आडोसा होता.

बीएलओ_मास्तर

हे पटलं. माझ्या बचावापेक्षा हे कारण बरं आहे.

नववी_ब

आमच्या वर्गात पण एक जण होता. आम्ही त्याला दाखवायचो. तो विचारायचा नाही, पण आम्ही दाखवायचो.

सावकाश

बाळा, तुझ्यासारखी दोन मुलं प्रत्येक वर्गात असती तर मला या धाग्यावर लिहावंच लागलं नसतं.

खडूची_धूळ

मी ग्रुपवर परत जाणार नाही, हे स्पष्टच सांगते. पण दोन गोष्टी उद्यापासून करते. बालाघाट सरांची वही टांगते, म्हणजे फळा पुसला तरी लिहिलेलं राहील आणि कोणीही मागाहून बघू शकेल. आणि चौकट शेवटच्या घंटेला लिहायची नाही. माझ्या तासाला घंटेआधी पाच मिनिटं शिकवणं थांबवायचं, सगळ्यांनी लिहायचं, आणि शेवटच्या मुलाचं होईपर्यंत डस्टर माझ्या हातात. माझा तास चौथा आहे, त्यानंतरच्या विषयांसाठी मॉनिटरच्या हातात.

सावकाश

पाच मिनिटं पस्तीसच्या तासातून काढणार?

खडूची_धूळ

हो. गणिताच्याच. चित्रकलेला आणि पीटीला हात लावणार नाही.

सावकाश

चालेल, बघा करून. फक्त हे शाळेकडून लेखी करून घ्या. पुढच्या वर्षी आठवीला वर्गशिक्षक बदलणार, नव्या सरांना हे कोण सांगणार? दरवर्षी जूनमध्ये प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन मीच उभी असते.