एलपीचं कव्हर मूळ जागी धरून फोटो: रेषा जुळत नाहीत, कुठे चुकतंय?

खरखर३३
छायाचित्रकार अॅलेक्स बार्च यांनी रेगे (जमैकन संगीत) रेकॉर्डची कव्हरं लंडनमध्ये नेऊन, मूळ फोटो जिथे काढला त्याच जागी हातात धरून पुन्हा टिपली (पुस्तक २०१८ चं). त्याच पद्धतीने बीटल्सचं 'अॅबी रोड' करायचं आहे (लंडनच्या रस्त्यावर चौघे झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवरून चालताहेत ते कव्हर). कॅमेरा फुल फ्रेम (सेन्सर ३५ मिमी फिल्मएवढा), लेन्स २४-७० मिमी झूम. सरावाच्या फोटोंत तीन अडचणी येताहेत. कव्हरच्या डाव्या कडेला रस्ता जुळवला की उजवीकडे सुटतो, झूम कितीही फिरवला तरी. कव्हर स्पष्ट आलं की मागचं धूसर. आणि कव्हरवरची आकाशाची चमक सीपीएल फिल्टर (चमक कमी करणारा पोलरायझर) लावूनही जात नाही.

तिपाई
झूम फिरवून रेषा कधीच जुळणार नाहीत. लेन्स फक्त आजूबाजूचं किती दिसेल ते ठरवते. जुळणी दोनच गोष्टींवर: कॅमेरा कुठे आहे आणि कव्हर लेन्सपासून किती लांब आहे.

अंतराचं गणित असं: कव्हरची रुंदी गुणिले मूळ लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेले मिमी), भागिले फिल्मची वापरलेली रुंदी. एलपीचं कव्हर साधारण ३१.५ सेंमी. इयन मॅकमिलन यांनी ८ ऑगस्ट १९६९ ला हॅसलब्लाड कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्सने तो फोटो काढला. त्या कॅमेऱ्याच्या फिल्मची 'सहा बाय सहा' सेंमीची चौकट प्रत्यक्षात ५६ मिमी भरते. म्हणजे ३१.५ × ५० ÷ ५६ = २८ सेंमी. मूळ फोटो कडेने कातरला असेल तर अंतर थोडं वाढेल. हात पूर्ण लांबवला की कव्हर ६० सेंमीच्या पुढे जातं, तिथेच गाडी चुकते. तेवढ्या लांबून जुळेल ते ३५ मिमी फिल्मवर ५० च्या लेन्सने काढून चौरस कातरलेलं कव्हर (३१.५ × ५० ÷ २४ = सुमारे ६६ सेंमी).

मोजपट्टी सेन्सरपासून लावू नका. लेन्सच्या पुढच्या भागापासून लावा. वाइड लेन्सला तोच अंदाज बरा. २८ सेंमीत दहा सेंमीची चूक म्हणजे सगळंच गेलं.

आता जागा. कव्हरमधली एक जवळची आणि एक लांबची उभी रेघ निवडा, झाडाचं खोड आणि मागच्या घराचा कोपरा वगैरे. जवळची वस्तू मागच्या वस्तूच्या तुलनेत कव्हरवर आहे त्यापेक्षा डावीकडे सरकलेली दिसली तर कॅमेरा डावीकडे न्या, उजवीकडे दिसली तर उजवीकडे. उंचीचंही तसंच. मॅकमिलन शिडीवर होते, त्यामुळे डोळ्याच्या उंचीवरून पट्टे चपटे दिसणारच. शेवटी पुढेमागे: जवळची वस्तू प्रमाणापेक्षा मोठी दिसतेय तर मागे व्हा.

खरखर३३
२८ सेंमीवर धरलं तर २४ च्या लेन्समध्ये कव्हर मावतच नाही!

तिपाई
आडव्या फ्रेममध्ये वरून खालून कापलं जाईल, बरोबर. १६ मिमी लागेल. तरीही कव्हर फ्रेमची पाऊण उंची खाईल. भोवताल जास्त हवा असेल तर हे कव्हर या खेळाला सोयीचं नाही. ८० मिमीने काढलेलं कव्हर ४५ सेंमीवर येतं, ते तुमच्या २४ मध्ये छान बसतं.

अॅपर्चर_आबा
फोकसचं. २४ मिमीला एफ १६ वर (लेन्सचं छिद्र खूप बारीक करून) हायपरफोकल, म्हणजे जिथे फोकस केला की त्याच्या निम्म्या अंतरापासून पुढचं सगळं स्पष्ट येतं ते अंतर, सव्वा मीटरच्या आसपास; तेव्हा स्पष्टता साधारण ६० सेंमीपासून पुढे. ४५ वरचं कव्हर त्यात येत नाही. एफ २२ वर जेमतेम येतं, पण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळंच थोडं मऊ होतं. ट्रायपॉडवर दोन फोटो घ्या. पहिला कव्हरवर फोकस करून. दुसरा मागच्या दृश्यावर, कव्हर आणि हात पूर्ण बाजूला काढून. बहुतेक जण दुसऱ्या फोटोतही कव्हर तसंच ठेवतात. मग त्याची धूसर कड पार्श्वभूमीवर पसरते आणि जोडताना भोवती मळकट झालर राहते. फोकस बदलला की दृश्याचा आकारही किंचित बदलतो, तेव्हा मास्क करण्याआधी (नको तो भाग झाकून फोटो जोडण्याआधी) दोन्ही थर जुळवून घ्या. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल.

चमक: सीपीएलचा दोष नाही. कव्हर लेन्सच्या अगदी समोर असतं, आणि समोरून परतणारा प्रकाश जवळपास ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) नसतोच, आणि सीपीएल फक्त तसलाच प्रकाश अडवतो. तो फिल्टर तिरप्या कोनात, पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास, काम करतो. शिवाय वाइड लेन्सवर आकाशात काळसर पट्टा उमटतो. काढून ठेवा. कव्हर तुमच्या मागचं आकाशच परत दाखवतंय, म्हणून कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा, अंगातही काळंच. वरची कड पुढे चार-पाच अंश झुकवली तरी बराच फरक पडतो. त्याहून जास्त झुकवलं तर चौरसाचा समलंब चौकोन होतो.

रेकॉर्ड आत ठेवू नका, कव्हर फुगतं. त्याऐवजी मापाचा पुठ्ठा सरकवा. पोक आलेल्या कव्हरने कडेला तीनचार मिमीचा फरक सहज पडतो आणि मग माणूस उगाच ट्रायपॉड हलवत बसतो.

बी_बाजू
कव्हर निवडतानाच फसगत होते. लेड झेपलिनच्या 'फिजिकल ग्रॅफिटी'वरची इमारत न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेसला (९६ आणि ९८ क्रमांक) आजही आहे, पण चौरसात बसवायला तिचा एक मजला कापला होता. खालचे मजले जुळवा, वरचे सुटणार. डेव्हिड बोवीच्या 'झिगी स्टारडस्ट'चा लंडनच्या हेडन स्ट्रीटवरचा फोटो कृष्णधवल काढून नंतर रंगवलेला, तेव्हा रंग जुळवायच्या मागे लागू नका.

अॅबी रोडला १९६९ मध्ये पोलिसाने वाहनं थांबवून धरली होती, आणि तरी सगळं मिळून दहाएक मिनिटं, सहा फोटो. आता भर रस्त्यात शिडी किंवा ट्रायपॉड विसरा; आबांचे दोन फोटोही इथे हातानेच घेऊन जुळवावे लागतील. मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) डोक्यावर उंच धरून, फोनवर चित्र बघत, रविवारी अगदी पहाटे. मात्र मूळ फोटो सकाळी साडेअकराच्या सुमाराचा. पहाटे गेलात तर सावल्या जुळणार नाहीत. ढगाळ दिवस असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

खरखर३३
आणि घरच्या भावगीतांच्या एलपी? त्यांवर नुसते स्टुडिओतले चेहरे.

बी_बाजू
मग स्लीव्हफेस करा: कव्हरवरचा चेहरा स्वतःच्या चेहऱ्यापुढे धरायचा. २००७ मध्ये कार्डिफमधून हे नाव पसरलं. छापील चेहरा खऱ्यापेक्षा लहान हवा. १४ सेंमीचा चेहरा २१ सेंमीच्या डोक्यापुढे धरायचा तर प्रमाण दीडपट: कव्हर कॅमेऱ्यापासून १०० सेंमीवर, माणूस १५० वर. छापील चेहरा मोठा असेल तर हे गणित उलटं फिरत नाही, कारण धड कव्हरच्या पुढे आणता येत नाही. तेव्हा सात इंची रेकॉर्डचं कव्हर शोधा. मानेची कड आणि सदऱ्याची कॉलर जुळली की काम झालं.