क्लच दाबला की घर्रर्र आवाज येतोय, गिअरबॉक्सचं काम निघालंय का?

रंकाळा_रायडर:
मंडळी जरा सांगा. पेट्रोल हॅचबॅक आहे, केबलवाला क्लच, 90 हजार किमीच्या पुढं गेलीये. क्लच दाबला की पुढून घर्रर्र आवाज येतो, पाय उचलला की बंद. गिअर नीट पडतात, ओढतेय पण चांगली. एका गॅरेजवाल्यानं गाडी चालवून न बघताच गिअरबॉक्स खोलायला लागणार म्हणून सांगितलं आणि आकडा ऐकून घाम फुटला. पुढच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन करूळ घाटानं कोकणात उतरायचंय, त्यामुळं लई टेन्शन आलंय.

उद्यमनगरचा_पाना:
भावा, आवाज कुठल्या वेळी येतो त्यावरच सगळं कळतंय बघ. इंजिन चालू, न्यूट्रल, पाय क्लचवरनं पूर्ण बाजूला. आता आवाज असला आणि क्लच दाबल्यावर गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (इंजिनची ताकद आत आणणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, कारण क्लचवरनं पाय काढलेला असला की तो शाफ्ट इंजिनबरोबर फिरत असतो आणि दाबला की थांबतो. तुझं बरोबर उलटं आहे, दाबल्यावर येतोय, म्हणजे रिलीज बेअरिंगच धर. पेडल दाबलं की ते प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) पात्यांवर जोर देतं, बेअरिंगमधलं ग्रीस वाळलं की असं घरघरतं. गिअरबॉक्स आतनं खोलायची काय गरज नाही, पण उतरवायला मात्र लागतोय कारण बेअरिंग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधी बसलंय. हे दोन वेगळे खर्च आहेत, गॅरेजवाल्याला नीट विचार.

शिरोली_एमआयडीसी:
वरचं बरोबर आहे. फक्त घरघर आहे का चुंई चुंई ते आधी ऐका. चुंई असेल तर कधी कधी नुसता पेडलचा बुश नाहीतर फोर्कचा (बेअरिंग ढकलणाऱ्या दांड्याचा) पिव्हट कोरडा पडलेला असतो. इंजिन बंद ठेवून पेडल दाबा, तरी आवाज आला तर बेअरिंग नव्हे. आणि कुणी वरनं ऑइल मारून देतो म्हटलं तर अजिबात मारू देऊ नका, क्लच प्लेटवर गेलं तर क्लच घसरायला लागेल.

रंकाळा_रायडर:
इंजिन बंद ठेवून दाबलं, काहीच आवाज नाही. न्यूट्रलला पाय बाजूला असताना पण शांत. मग नुसतं बेअरिंग टाकू का पूर्ण सेट? आणि घाट तेवढा उतरून आल्यावर काम केलं तर चालेल का?

उद्यमनगरचा_पाना:
मग बेअरिंगच. पण पूर्ण सेट टाक, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळं. एवढ्या रनिंगला प्लेट बरीच झिजलेली असणार आणि मजुरी सगळी गिअरबॉक्स उतरवण्याचीच असते, सहा महिन्यांनी परत तीच मजुरी कशाला देतोस. फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्याला चिकटते त्या इंजिनच्या जड चाकावर) निळे डाग किंवा चरे असले तर गाडीला चालत असेल तर लेथवर फेस मारून (घासून सपाट करून) घे, आपल्या उद्यमनगरात लेथची काय कमी नाही. जुने पार्ट समोर काढून दाखवायला सांग, बेअरिंग हातात घेऊन फिरवलंस की खरखर कळंल.

घाटाचं म्हणशील तर काम करूनच जा बाबा. बेअरिंग जाम झालं तर पाती खाऊन टाकतं, मग क्लच सुटतच नाही, आणि करूळच्या वळणावर दुसरा गिअर पडला नाही तर काय करणार? आई-बाबा गाडीत असताना नकोच.

शिरोली_एमआयडीसी:
आणि काम झाल्यावर केबलचा फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) बघूनच गाडी ताब्यात घ्या. प्लेच नसला तर नवं बेअरिंग कायम दाबात राहतं. कावळा नाक्याच्या सिग्नलला क्लच दाबून उभं राहायचं पण बंद करा, न्यूट्रल टाका.

रंकाळा_रायडर:
ठरलं मग, गाडी उद्या टाकतो. मजुरी आणि पार्टचं बिल वेगवेगळं लिहून मागतो.