अंगात बळ नाही, गावात विरोध आहे. अशा वेळी सेवा सोडावी का?

प्रश्न (ख्रिस्ती मंडळीचे पाळक, यवतमाळ जिल्हा)

सर्व सेवक बंधुभगिनींना सप्रेम सलाम. गेली चौदा वर्षे मी एका खेड्यात अकरा कुटुंबांच्या मंडळीची सेवा करीत आहे. मला मधुमेह आहे. पायांना सतत मुंग्या येतात आणि तासभर उभे राहून उपदेश केला की दुसरा दिवस खाटेवर जातो. वीज कधीही जाते, म्हणून इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत रोवलेल्या लहान मडक्यात ठेवतो. कापूसवेचणीच्या दिवसांत मंडळीला रविवारीही वावरात जावे लागते, आणि उपासनेला कधी कधी चारच माणसे असतात. त्यात यंदा आम्ही ज्या ओसरीत जमत होतो, तिच्या मालकाला गावातील काही जणांनी दम दिला आणि ती जागा गेली.

हे सारे सोसता आले असते. परंतु मंडळीतीलच एक वडीलधारे गृहस्थ सर्वांसमक्ष म्हणाले की, ज्या पाळकाच्या प्रार्थनेने त्याची स्वतःची साखर उतरत नाही, तो इतरांसाठी काय मागणार? तेव्हापासून पवित्र शास्त्र (बायबल) उघडले की आधी तेच वाक्य समोर येते. सेवा सोडणे हा अविश्वासूपणा ठरेल, की दुबळ्या माणसाने जागा अडवून बसणे हाच अविश्वासूपणा आहे?

उत्तर (निवृत्त पाळक, अमरावती)

त्या गृहस्थांचे वाक्य नवे नाही. प्रेषित पौलाची पत्रे वजनदार असली तरी तो प्रत्यक्षात अशक्त आहे आणि त्याचे बोलणे टाकाऊ आहे, असे करिंथ येथील मंडळीतले काही जणही म्हणत होते. शरीरातला काटा निघावा म्हणून त्याने प्रभूला तीनदा विनविले, आणि तो निघाला नाही. तो काटा नेमका कोणता हे त्याने लिहून ठेवले नाही, हे मला बरेच वाटते. नाहीतर आपण आपापले आजार त्याच्याशी ताडून पाहत बसलो असतो. ज्याच्या हातून रोगी बरे झाले, त्याच पौलाला आपला सोबती त्रफिम याला मिलेत येथे आजारीच ठेवून पुढे जावे लागले. गलतीया प्रांतातील मंडळ्यांना तर तो आठवण देतो की, आजारपणाच्या निमित्तानेच त्याने त्यांना प्रथम शुभवर्तमान सांगितले.

हे सर्व मंडळीत अवश्य शिकवा, पण त्या गृहस्थांवर नेम धरून शिकवू नका. आधी त्यांच्या घरी जा. मी एकदा अशाच टीकेला उपदेशातून उत्तर दिले होते. माझे म्हणणे बरोबर होते आणि ते कुटुंब सहा वर्षे उपासनेला आले नाही.

मी यवतमाळला पाळकांना शिक्षण देणाऱ्या सेमिनरीत शिकलो. १९५३ साली तेथे सुरू झालेली ती संस्था १९८३ मध्ये पुण्याला गेली, तेव्हा इकडचे काम आता संपले असे आमच्यापैकी काहींना वाटले होते. ते चालू राहिले, कारण तुमच्यासारखे लोक चार माणसांसाठीही वचन उघडत राहिले.

उत्तर (पाळकीणबाई, चंद्रपूर जिल्हा)

भाऊ, उभे राहूनच उपदेश केला पाहिजे असा नियम कोणी केला? नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने ग्रंथ वाचला, परत दिला आणि खाली बसून बोलण्यास आरंभ केला. तुम्हीही खुर्ची घ्या.

दुसरे असे की, घरभेटींना गेल्यावर प्रत्येक घरी गोड चहा पुढे येतो आणि नाही म्हटले तर माणूस दुखावतो, म्हणून आमचे हे वर्षानुवर्षे तो पीत राहिले. शेवटी मीच एका उपासनेनंतर बायकांना स्पष्ट सांगितले, आणि आता पाळक दारात दिसले की बिनसाखरेचे आधण चढते. आपला आजार लपवून ठेवला की मंडळीला आपली काळजी घेण्याची संधीच मिळत नाही. इन्सुलिन चालू असताना उपासप्रार्थना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका. ती भक्ती नव्हे. आणि वेचणीच्या दिवसांत सभा संध्याकाळी, कापूस मोजून झाल्यावर ठेवून पाहा.

उत्तर (मंडळीचा सभासद व वकील, वर्धा)

ओसरीविषयी थोडेसे. संविधानाचे अनुच्छेद २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून धर्म पाळण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. तथापि ज्याला गावातच राहून मजूर मिळवायचे आहेत, त्या घरमालकाने आपल्यासाठी भांडावे अशी अपेक्षा धरणे योग्य नाही. तूर्तास आपल्याच सभासदांच्या घरी आळीपाळीने जमा. धमकी दिली गेल्यास तारीख, वेळ आणि शब्द लिहून ठेवा व पोलिसांकडे लेखी अर्ज द्या. आपला भोंगा मोठा होता का, हेही प्रामाणिकपणे तपासा. प्रत्येक विरोध ख्रिस्ताच्या नावासाठीच होतो असे नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा आभारी आहे. भोंगा नव्हता, पण ढोलकी रात्री उशिरापर्यंत चाले, हे मान्य केले पाहिजे. या रविवारी आमच्याच अंगणात सात जण होते आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बोललो. त्या गृहस्थांच्या घरी मात्र अद्याप गेलेलो नाही. दोनदा निघालो आणि दोन्ही वेळा पारापर्यंत जाऊन परत आलो.