अनुभव नाही म्हणून नोकरी नाही

'ट्रकचा परवाना हातात आहे, पण जो तो दोन वर्षांचा अनुभव मागतो' ही तुमची अडचण खरी आहे. त्यात कधी कधी मालकाबरोबर विमा कंपनीचाही हात असतो. काही ठिकाणी नवख्या चालकामुळे विम्याचा हप्ता वाढू शकतो. म्हणून फोनवर आधी हेच विचारा, 'नवीन परवानाधारक तुमच्या विम्यात बसतो का?' नाही म्हणाले तर पुढचं दार.

मोठ्या ट्रेलरचा हट्ट सध्या सोडा. छोट्या ट्रकवर दिवसभर ठिकठिकाणी माल उतरवायचं काम अंग मोडून काढतं (मला तर अजिबात आवडत नाही), पण रिव्हर्सचा हात त्यातच बसतो. अरुंद यार्डात मागे घेताना आरशात दिसत नसेल तर थांबून खाली उतरून बघायचं, त्यात लाज कसली!

ट्रायल घेतली तर निघण्याआधी टायर, दिवे, हवेचा प्रेशर, मालाचे पट्टे कुणी न सांगता तपासा. गाडी पळवून दाखवणाऱ्यापेक्षा असा माणूस मालकाच्या लक्षात राहतो.

आणि हो, 'आधी पैसे भरा, मग नोकरी देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.