ऐकलेलं पुस्तक 'वाचलं' म्हणून वहीत लिहायचं का?

भांडुपची वहीवाली

आमची लेक नऊ वर्षांची. शाळेत नाव घातलेलं नाही, घरीच शिकते. (शाळा का नाही, हा विषय कृपया इथे नको. त्याला नातेवाईक पुरेसे आहेत.) तिची लाल पुठ्ठ्याची एक दोनशेपानी वही आहे. पुस्तक संपलं की नाव, तारीख आणि मनातली एक ओळ त्यात लिहायची, असा तिचा नेम. जूनपासून ४१ नावं झाली. परवा आजी आली, वही बघून हरखली आणि म्हणाली, "यातलं एखादं मला वाचून दाखव बघू." लेकीने कपाटातून एक काढलं आणि पहिल्याच पानावर अडखळली. जोडाक्षर आलं की थांबायची, माझ्याकडे बघायची, मग अंदाजपंचे पुढे. गोष्ट मात्र तोंडपाठ! पुस्तक मिटून तिने पुढचा सगळा प्रसंग आवाज काढून करून दाखवला.

रात्री मी वही घेऊन हिशेब केला. ४१ पैकी ३३ ऐकलेली.

दोष आमचाच आहे. वन बीएचके, मी घरून काम करते, शेजारच्या इमारतीचा पुनर्विकास चाललाय, सकाळी दहापासून ड्रिलिंग. हेडफोनवर ध्वनिपुस्तक लावून दिलं की दोन तास सगळे सुखी. नवरा भांडुप ते सीएसएमटी उभ्याने ऐकत जातो, तोही घरी येऊन सांगतो, "या महिन्यात चार वाचली." पोरगी तेच शिकणार.

लिहिण्यातही ते उतरलंय. 'शितिज', 'जोस्ना', 'सहस्र'. कानाला लागलं तसं कागदावर. शेवटच्यातला त तर साफ गिळलाय. लाल पेनने दुरुस्त केलं सगळं.

ऐकणं बंद करणार नाही. पण यापुढे वहीत फक्त डोळ्यांनी वाचलेलं, असं मी ठरवलंय. नवऱ्याच्या मते हा छळ आहे. तुमचं काय मत?

स्लो लोकल

मीही तुमच्या यजमानांच्या पार्टीत. छळच आहे हा.

अहो, आपल्याकडे पुस्तक आधी कानात जायचं, डोळ्यांत नंतर. ज्ञानेश्वरी माउलींनी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतली. पुढे शेकडो वर्षं गावोगावी जे लोक तिच्यावर जगले, त्यातल्या किती जणांना अक्षर येत होतं? त्यांनी ज्ञानेश्वरी 'वाचली नाही' असं म्हणणार का तुम्ही? 'श्यामची आई' घ्या. बेचाळीस रात्री, आणि सगळ्या रात्री श्याम मित्रांना तोंडाने सांगतोय. ते पुस्तक ऐकायचंच आहे.

नऊ वर्षांच्या मुलीला ३३ गोष्टी आवाजांसकट येतात, याचा आधी आनंद करा. माझ्या शाळेत जाणाऱ्या पुतण्याला धड्यातली पात्रंही सांगता येत नाहीत.

दप्तर

श्याम सांगतो, पण साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून *लिहिलं*. लिहिलं म्हणून तुमच्यापर्यंत आलं. सच्चिदानंदबाबा नसते तर माउलींचं काय हाती लागलं असतं? तुमची दोन्ही उदाहरणं वहीवालीच्याच बाजूची आहेत.

मी यातून गेलोय म्हणून सांगतो. आमचा मुलगाही घरी शिकला. त्याला सगळं ऐकवायचो, इतिहास, विज्ञान, प्रवासवर्णनं. राणीच्या बागेत झाडांची नावं धडाधड सांगायचा, वरळीच्या सायन्स सेंटरमध्ये तिथल्या माणसाला प्रश्न विचारून हैराण करायचा. लोक कौतुक करायचे, आम्ही फुगायचो. मग मुक्त विद्यालयाच्या दहावीची वेळ आली. चौदाव्या वर्षापासून बसता येतं, विषय पाच. पण पेपर हातानेच लिहावा लागतो, ताई! सराव परीक्षेला प्रश्न वाचण्यातच त्याचा अर्धा वेळ गेला. 'कारणे द्या' आणि 'परिणाम सांगा' यातला फरक तोंडी विचारलं तर कळायचा, छापलेला दिसला की सुटायचा. पुढचं वर्ष आम्ही फक्त वाचणं आणि लिहिणं केलं. चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यापासून बाराखडी गिरवताना जी लाज वाटते, ती मी पाहिलीय.

वही घट्ट करा. आत्ताच करा.

निवृत्त मास्तर

धागाकर्तीबाई, आधी एक दुरुस्ती. 'क्षितिज' आणि 'ज्योत्स्ना' तिची चुकली, मान्य. पण 'सहस्र' बरोबर आहे. स आणि र यांचं जोडाक्षर, त्यात त नाही. 'सहस्त्र' चूक, तसंच 'अजस्त्र' चूक, बरोबर 'अजस्र'. हा त कुठून आला? डोळ्यांतून. पूजेची पत्रिका, दुकानाची पाटी, बॅनर, सगळीकडे 'स्त्र' छापतात, आणि आपण छापलेलं खरं मानतो. तुमच्या मुलीने चांगल्या वाचकाच्या तोंडून शुद्ध ऐकलं आणि शुद्ध लिहिलं. लाल पेन तुम्ही बरोबर शब्दावर चालवलंत.

आता मुख्य मुद्दा. १९८६ साली गफ आणि टनमर या दोघांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं सोडवता येणं गुणिले ऐकून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य झालं की उत्तर शून्य. दप्तर यांच्या मुलाचं पहिलं पद कच्चं होतं. माझ्या वर्गात उलटी मुलं ढिगाने असायची, खडखडीत वाचायची आणि काय वाचलं विचारलं की गप्प. या मुलीचं दुसरं पद दणदणीत आहे. पहिल्यावर काम करा, पण दुसऱ्याची वही काढून घेऊ नका.

भांडुपची वहीवाली

मास्तर, शब्दकोश काढून बघितला. 😳 'सहस्र'च आहे. चाळीस वर्षं चुकीचं लिहितेय मी. लेकीला अजून सांगितलेलं नाही, आधी चहा घेते.

पण एका शब्दाने माझं मत बदलत नाही हं. बाकीचे दोन चुकलेतच.

मामाचा भाचा

रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो. माझे मामा जन्मापासून अंध. वरळीच्या नॅब या अंधांसाठीच्या संस्थेतून त्यांच्यासाठी बोलक्या पुस्तकांच्या कॅसेटी यायच्या, शिवाय ते ब्रेलही वाचायचे. म्हणजे दोन्ही करणारा माणूस. मला वाटलं होतं, ते म्हणतील ऐकणं म्हणजेच वाचणं. तर नाही! कॅसेटचं पुस्तक असेल तर ते नेहमी "ऐकलं" म्हणायचे आणि बोटांनी वाचलं असेल तरच "वाचलं". एकदा विचारलं तर म्हणाले, कॅसेटमध्ये थांबायचं कुठे ते दुसरा ठरवतो, ब्रेलमध्ये मी. आवडलेल्या ओळीवर त्यांचं बोट मागे जायचं, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक गुळगुळीत झालं होतं.

त्यामुळे माझं मत वहीवालीला. शब्द वेगळे आहेत, वेगळेच राहू द्यावेत. कमीजास्त कुणी नाही.

डाव्या हाताची

सगळे वहीवर घसरलात, मुलीकडे कुणाचं लक्ष आहे का?

नऊ वर्षांची, हुशार, गोष्ट तोंडपाठ, आणि जोडाक्षराला थांबून आईच्या तोंडाकडे बघते. माझा मुलगा अगदी हेच करायचा. गोष्ट पाठ करणं ही त्याची लपायची जागा होती. आम्ही दोन वर्षं "आळशी आहेस" म्हणत घालवली, मग तपासणी केली तर डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे हुशारी असूनही अक्षरं वाचायला-लिहायला जड जाणं. तो दादरच्या शाळेत होता, तिथे निदान बाईंना शंका तरी आली. घरी शिकणाऱ्या मुलाची शंका कोणाला येणार? आईलाच. ताई, तुमच्या मुलीला तसं काही असेलच असं मी म्हणत नाही, नुसता सराव कमी पडला असेल. पण वहीचा नियम करण्याआधी एकदा दाखवून घ्या. तसं असेल तर नियमाने काही होणार नाही. ती अजून चार युक्त्या शिकेल, बस.

आणि आजीसमोर परीक्षा पुन्हा घेऊ नका, प्लीज.

आमच्याकडे उपयोगी पडलं ते सांगते. तेच पुस्तक हातात, तेच कानात, बोट ओळीवर. आवाज थोडा सावकाश लावायचा. पहिले दोन आठवडे बोट आवाजाच्या मागे धावायचं, मग बरोबर यायला लागलं, आणि एक दिवस पुढे गेलं. पुढे गेलं तेव्हा त्याने स्वतःच हेडफोन काढला. "हा माणूस फार हळू वाचतो," म्हणाला.

दप्तर

हे जमतं, पण ध्वनिपुस्तक संक्षिप्त आहे का ते आधी तपासा. आम्ही एकदा कापलेली आवृत्ती लावली. मुलाचं बोट तिसऱ्या पानावर, आवाज सातव्या. पुस्तक फेकलं त्याने.

स्लो लोकल

डाव्या हाताची यांना +१. मी उगाच ज्ञानेश्वरीपर्यंत गेलो.

दप्तर, तुमच्याशी भांडण शिल्लक आहे, पण ते वेगळ्या धाग्यावर. परीक्षेसाठी वाचायचं असतं हे मला पटलेलं नाही.

भांडुपची वहीवाली

तपासणीची वेळ घेतली, पुढच्या मंगळवारची. ही शंका मला आली नव्हती असं नाही. मी ती बाजूला ठेवली होती.

वहीचा निकाल लेकीनेच लावला. काल प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने 'ऐ' किंवा 'वा' लिहून टाकलं. एकापुढे 'आजी' लिहिलंय, कारण ते गणपतीत आजीने वाचून दाखवलं होतं. नवऱ्याला विचारलं, तुझ्या चारांपुढे काय लिहू? तो म्हणाला, "दीडपट वेगाने ऐ."

निवृत्त मास्तर

हा धागा तिने वाचला की तुम्ही वाचून दाखवलात?

भांडुपची वहीवाली

वाचून दाखवला. तुमचा 'सहस्र'चा प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावला, आणि तिसऱ्यांदा मोबाईल स्वतःकडे घेतला.