मदत हवी आहे : काळ्या खारी पोटोमॅक नदीपलीकडे दिसतात का?

मंडळी, वॉशिंग्टन डीसीच्या आसपास कोण कोण राहतं? १९०२ आणि १९०६ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओतून आणलेल्या १८ काळ्या खारी इथल्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात सोडल्या होत्या. त्यांचे वंशज आता मेरीलँडच्या उपनगरांतही बागडतात. जात करड्या खारीचीच, फरक एका जनुकाचा. ते आई-बाप दोघांकडून आलं तर खार कोळशासारखी काळी. एकाकडूनच आलं तर पाठ काळपट, पोट तांबूस. आमच्या ओकच्या झाडावरची एक तशीच आहे, उन्हात फार सुरेख दिसते!

मला त्यांचा प्रसार नकाशावर मांडायचाय. नदीपलीकडे, व्हर्जिनियाच्या बाजूला तुम्हाला दिसतात का? कुठे, साधारण कधीपासून, पोटाचा रंग कोणता? फोटो असेल तर उत्तमच. त्या पुलावरून गेल्या की कोणी नेऊन सोडल्या, हे ठाऊक असेल तर जरूर सांगा.